शुभ बोलायचं म्हणजे गप्प बसायचं का?



आज जरा भांडायचं आहे. इथे येणाऱ्यांत निम्मे आमचे नातेवाईकच, त्यामुळे काहींना वाटेल की हे आपल्यालाच उद्देशून लिहिलंय. वाटू द्या.

कुणाकडे बाळ झाल्याची बातमी आली की आपला पहिला प्रश्न असतो, "काय झालं?" आणि दुसरा लगेच, "नॉर्मल की सिझर?" नॉर्मल म्हटलं की "वा वा, छान!" सिझर म्हटलं की आवाज एकदम खाली. "अगं बाई! का गं?" मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. निकालाच्या दिवशी पालक एकमेकांच्या मुलांचे टक्के ज्या सुरात विचारत, तोच हा सूर. बाई नऊ महिने ओझं वाहून, पोटावर टाके घेऊन पडलेली, आणि आपण तिला मार्क देतोय.

मागच्या महिन्यात एका भाचीचं डोहाळजेवण होतं, मुलुंडला. आठवा महिना. गप्पांच्या ओघात ती म्हणाली, "मावशी, बाळ अजून पायाळूच आहे. फिरलं नाही तर सिझर करावं लागेल म्हणाल्या डॉक्टर." झालं! चार बाजूंनी चार जणी तिच्या अंगावर धावून आल्या. "शुभ बोल गं!" "आजच्या दिवशी हे काय?" "सगळं नॉर्मल होणार!" मग वाट्यांखालचे पेढा-बर्फी उघडून झाले, फोटो झाले. पोरगी मात्र त्यानंतर एक शब्द बोलली नाही. तिला जे विचारायचं होतं ते तिच्याजवळच राहिलं.

माझं भांडण त्या "शुभ बोल"शी आहे.

जरा आकडे बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशात शंभर बाळंतपणांत साधारण साडेआठ सिझर होती. २०१५-१६ मध्ये १७.२ आणि २०१९-२१ मध्ये २१.५. आपल्या महाराष्ट्रात त्या शेवटच्या पाहणीत २५.४. म्हणजे चारांत एक! डोहाळजेवणाच्या पंगतीत चार गर्भारशी बसल्या तर एकीचं सिझर होणार, असा सरळ हिशोब आहे. ज्या गोष्टीची शक्यता चारांत एक आहे तिचं नाव काढणं अशुभ? मुंबईत पावसाळ्यात आपण छत्री घेऊन निघतो, ती काय पावसाला आमंत्रण म्हणून?

आता "आमच्या वेळी" म्हणणाऱ्यांकडे वळते. मीही सत्तरी ओलांडलेली आहे, तेव्हा 'आमची वेळ' मलाही ठाऊक आहे. "आमच्या वेळी सगळ्यांची बाळंतपणं घरी आणि नॉर्मल व्हायची." व्हायची. ज्या त्यात गेल्या त्या सांगायला उरल्या नाहीत, एवढंच. डॉ. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधाचा विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. लांब कशाला, २००१-०३ मध्येसुद्धा आपल्या देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. याचं श्रेय एकट्या सिझरचं नाही. दवाखान्यातली प्रसूती, वेळेवर रक्त, औषधं, नर्सबाई, सगळ्यांचं आहे. पण वार खाली सरकलेली असताना, नाळ बाळाच्या आधी बाहेर आलेली असताना, कळा देऊन देऊन बाळाचे ठोके पडत असताना सिझर नसतं तर काय झालं असतं, ते आपल्या पणज्यांना विचारायला हवं होतं.

दुसरी बाजूही घेते, नाहीतर डॉक्टरांची वकिली केली म्हणाल. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत सरकारी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के आहे. गुंतागुंतीच्या केसेस खासगीत जास्त जातात म्हणावं, तर त्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतही जातातच. मग खासगीत निम्म्या बायकांना चाकू का लागतो? हा प्रश्न २०१७ साली मुंबईच्याच सुबर्णा घोष यांनी जाहीरपणे विचारला. प्रत्येक रुग्णालयाने आपलं सिझरचं प्रमाण लोकांना दाखवावं, असा ऑनलाइन अर्ज त्यांनी तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी यांच्याकडे केला. हजारो लोकांनी सह्या केल्या. नंतर केंद्र सरकारच्या कर्मचारी आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांना हे प्रमाण दर्शनी भागात लावायला सांगण्यात आलं. तुमच्या नाक्यावरच्या नर्सिंग होमच्या भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी असा आकडा तुम्ही पाहिलाय का? मी नाही पाहिला.

आकड्याचाही बाऊ नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की समाजात हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. पण त्याच निवेदनात हेही आहे की ठरावीक टक्का गाठणं हा उद्देश नसावा. जिला गरज आहे तिला सिझर मिळालंच पाहिजे, हा असावा.

आता माझा मुख्य मुद्दा. नको असलेलं सिझर गळ्यात पडतं आणि हवं असलेलं सिझर उशिरा होतं, या दोन्हींचं कारण एकच आहे : घराची तयारी नसणं. आमच्या शेजारच्या इमारतीत दोन्ही प्रकार पाहिले. एका घरात रात्री अकराला डॉक्टर म्हणाले "सही करा" आणि चौघांनी न वाचता सही केली, का ते आजतागायत कुणाला माहीत नाही. दुसऱ्या घरात डॉक्टर कळकळीने सांगत होत्या आणि सासूबाई म्हणत होत्या, "अजून थोडी वाट बघू, आमच्यात कुणाचं सिझर झालेलं नाही." पाऊण तास वाद! बाळ वाचलं, पण आठ दिवस काचेच्या पेटीत होतं. घाबरलेलं घर एक तर कशावरही सही करतं, नाहीतर कशावरच करत नाही. म्हणून म्हणते, सिझरची तयारी करणं म्हणजे सिझर बोलावणं नव्हे. उलट जिने आधीच विचारून ठेवलंय तिलाच त्या घटकेला कळतं की हे खरं कारण आहे की घाई.

काय विचारायचं? सातव्या महिन्यातच विचारा. तुमच्याकडे शंभरात किती सिझर होतात? कोणत्या परिस्थितीत कराल? बाळ पायाळू असेल तर बाहेरून पोटावर हाताने फिरवून बघता का, आणि माझ्या बाबतीत ते चालेल का? (२००० साली 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा अभ्यास आल्यावर पायाळू बाळासाठी सिझर करण्याकडे जगभर कल वाढला, त्यामुळे हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.) भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात? रक्त कुठून येतं? बाळाला अतिदक्षता लागली तर इथेच, की बाळ एका दवाखान्यात आणि आई दुसऱ्यात? आपल्या उपनगरांत दुकानांच्या वर पहिल्या मजल्यावर थाटलेल्या किती नर्सिंग होममध्ये स्ट्रेचर मावेल एवढी लिफ्ट आहे, तेही पाहून या.

पैशाचं स्पष्ट बोला, लाजू नका. दोन्हींचा खर्च लेखी मागा आणि भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, खोलीचे जादा दिवस त्यात धरलेत का ते पाहा. विम्यात बाळंतपणासाठी बहुधा प्रतीक्षाकाळ असतो, तो दिवस गेल्यावर वाचून उपयोग नाही. आणि परवडत नसेल तर कर्ज काढू नका. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात प्रसूती मोफत आहे, सिझरसुद्धा, औषधं, रक्त आणि आईच्या जेवणासह. घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर इथे रोज बायका बाळंत होतात. नाव मात्र आधीपासून घातलेलं असावं.

रस्त्याचाही विचार करा. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. म्हणजे ऐन सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टर बदलतात, पूर्वेच्या पश्चिमेला जातात. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला मे २०२५ उजाडला. त्या अडीच वर्षांत पूर्व-पश्चिम करणाऱ्यांना विचारा दहा मिनिटांची किंमत! कळा संध्याकाळी सातला सुरू झाल्या तर कोणत्या रस्त्याने, कोणाच्या गाडीने, हे ठरलेलं हवं. सगळे कागद एका फाइलमध्ये, आणि १०८ नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ.

आणि सही! ती तिची स्वतःची. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सज्ञान रुग्णाची संमती तिने स्वतः, समजून दिलेली हवी. तिथे भुलेखाली असलेल्या बाईच्या आईची संमती घेऊन शस्त्रक्रिया वाढवली होती, ती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. पुढे जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. पण आपल्याकडे सासरा आणि नवरा बाहेर ठरवतात आणि जिचं पोट तिला सर्वांत शेवटी कळतं. त्यासाठी आधी बोलणं लागतं, आणि ते बोलणं आपण "शुभ बोल" म्हणून बंद करतो.

मनाची तयारीही तिथूनच सुरू होते. तिला सांगा की बहुधा कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, ती जागी असते. मध्ये पडदा असतो. दुखत नाही, पण ओढल्यासारखं जाणवतं. थंडी वाजून दात वाजू शकतात, ते घाबरण्यासारखं नाही. बाळ सहसा पहिल्या काही मिनिटांतच बाहेर येतं, जास्त वेळ लागतो तो टाके घालायला. बाळाला लगेच छातीशी देता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. आणि एवढं सगळं होऊन नंतर तिला रडू आलं तर "बाळ सुखरूप आहे ना, मग काय?" म्हणू नका. बाळ सुखरूप असूनही बाईला वाईट वाटू शकतं. दोन आठवड्यांनंतरही ती तशीच राहिली तर डॉक्टरांकडे न्या, देवऋषाकडे नव्हे.

घरच्यांची तयारी म्हणजे फक्त डिंकाचे लाडू नव्हेत. सिझर हे पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. बाळापेक्षा जड काही तिने उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची बादलीही नाही. खोकताना पोटावर उशी धरायची. टाके भरेपर्यंत पोटाला मालीश नको, शेगडीची धग नको. पोटपट्टा डॉक्टरांना विचारून. दूध एखादा दिवस उशिरा उतरू शकतं. तोवर येतो तो चीक, तेवढा बाळाला पुरतो. लगेच "हिला दूधच नाही" म्हणून बाटली आणू नका. ताप, टाक्यातून पू, जास्त रक्तस्राव, एका पोटरीत सूज-दुखणं, दम लागणं, यातलं काही दिसलं तर बारशाची वाट न बघता दवाखाना. रात्री बाळ उचलून तिच्या कुशीत देणं हे नवऱ्याचं काम. त्याने रजा आधीच मागून ठेवावी.

एक उरलंच, मुहूर्त! इथे मात्र याच मंडळींना सिझर अशुभ वाटत नाही. अमावास्या टळावी, नक्षत्र चांगलं मिळावं म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणारे पाहिलेत मी. २२ जानेवारी २०२४ ला, अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी, बाळ व्हावं म्हणून उत्तर प्रदेशातल्या बायकांनी सिझर मागितल्याच्या बातम्या आल्या होत्या. वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पुरे व्हायच्या आत बाळ काढलं की त्याला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. शिवाय प्रत्येक सिझरनंतर पुढच्या खेपेला वार गर्भाशयाला चिकटून बसण्याचा धोका वाढतो. पत्रिका बघणाऱ्याने हे कुठल्या घरात मांडायचं?

भाचीला मी दुसऱ्या दिवशी फोन करून वहीत प्रश्न लिहून घ्यायला सांगितले. सतरा झाले. डॉक्टरांनी सतराच्या सतरा उत्तरं दिली म्हणे, वैतागल्या नाहीत. पुढच्या डोहाळजेवणांना मी जाणार आहे आणि ओटी भरून झाली की हाच विषय काढणार आहे. ज्यांना अशुभ वाटेल त्यांनी तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन पुऱ्या तळाव्यात.

असो. तुमचे अनुभव जरूर कळवा, माझ्याशी सहमत नसाल तरीही.