निकाहपूर्वी एक रक्ततपासणी

आठ महिन्यांचे बाळ घेऊन एक जोडपे दवाखान्यात आले. बाळ दूध पीत नव्हते, सारखे किरकिरत होते, चेहरा पांढराफटक पडला होता. सोबतची दादी म्हणाली, "नजर लागली असेल म्हणून दोनदा दम करून आणलं, डॉक्टरसाहेब." हिमोग्लोबिन तपासले, ते अवघे पाच निघाले. पुढच्या तपासणीत आजाराचे नाव कळले: थॅलेसेमिया मेजर. आईवडील एकमेकांचे आतेमामे भावंड, दोघेही धडधाकट. "आमच्या खानदानात हा आजार कुणालाच नाही," असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

ते खरेही होते. हिमोग्लोबिन तयार करणारा जनुक प्रत्येकाला दोन प्रतींत मिळतो, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत सदोष असेल तर माणूस फक्त 'वाहक' असतो. यालाच थॅलेसेमिया मायनर म्हणतात. वाहकाला काही त्रास नसतो, फार तर हिमोग्लोबिन थोडे कमी राहते. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही.

मेजर असलेल्या मुलाचे शरीर पुरेसे रक्त बनवू शकत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर रक्त चढवावे लागते. त्या रक्तातले लोह हृदयात आणि यकृतात साचते. ते बाहेर काढण्यासाठी रोज औषध घ्यावे लागते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण ते खर्चिक असते आणि त्यासाठी जुळणारा दाता मिळावा लागतो. सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारात एक असते.

मग जवळच्या नात्यातले लग्न चुकीचे का? आपल्याकडे अशी लग्ने होतात आणि त्यांतली बहुतेक मुले निरोगीच जन्मतात. दोष नात्याचा नाही. पण नानाकडून आलेली तीच सदोष प्रत मामाच्या मुलातही असू शकते आणि आत्याच्या मुलीतही. म्हणून दोघेही वाहक निघण्याची शक्यता नात्यात वाढते. नात्याबाहेरही हे घडू शकते, तेव्हा तपासणी सगळ्यांनीच करावी.

'हिमोग्लोबिन एचपीएलसी' किंवा 'इलेक्ट्रोफोरेसिस' असे या तपासणीचे नाव. ती सहसा आयुष्यात एकदाच करावी लागते. अहवालात हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर बहुधा ती व्यक्ती वाहक असते. शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, म्हणून अहवाल डॉक्टरांना दाखवावा. महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्या मुलीचे हिमोग्लोबिन वाढत नाही, तिची ही तपासणी जरूर करावी.

सौदी अरेबियात 2004 पासून निकाहपूर्वी ही तपासणी सक्तीची आहे, इराणमध्ये 1997 पासून. आपल्याकडे सक्ती नाही, म्हणून जबाबदारी घरातल्या मोठ्यांची. साखरपुडा झाल्यावर, कार्डे छापल्यावर अहवाल हाती आला तर कुणाला बोलायचे धाडस होत नाही. म्हणून बोलणी सुरू होण्याआधीच तपासणी करावी.

मुलगी वाहक निघाली तर तिच्यात काही खोट आहे असे समजू नये. तिचा निकाह वाहक नसलेल्या मुलाशी झाला, तर बाळाला मेजर होत नाही. मुलाचीही तपासणी तितकीच गरजेची, हे मुलाकडच्यांनी लक्षात ठेवावे. लग्न आधीच झाले असेल आणि दोघेही वाहक असतील, तर गरोदरपण कळताच डॉक्टरांकडे जावे. दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते. पुढचा निर्णय नाजूक असतो. त्यासाठी डॉक्टरांशी आणि जाणत्या आलिमांशी वेळेत बोलावे.

ते बाळ आता दर तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला येते. परवा त्याची दादी धाकट्या नातीचा अहवाल दाखवायला आली होती. तिच्या स्थळाची बोलणी अजून सुरू व्हायची आहेत.