फिरस्ता कोण?

चार क्लब बदललेल्या खेळाडूवर ‘निष्ठा नाही’ असा शिक्का मारण्याची आपल्याकडे फार घाई असते. युरोपातल्या सामन्यांसाठी रात्र जागवणारा ठाण्या-डोंबिवलीचा रसिकही यात मागे नाही. त्याने जवळच्याच मुंबईच्या स्टीव्हन डायसची कारकीर्द एकदा तपासून पाहावी.

डायस मधल्या फळीत, उजव्या बगलेने खेळे. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या महिंद्रा युनायटेडचा तो खेळाडू. २००७ आणि २००९चा नेहरू करंडक, तसेच २००८चा एएफसी चॅलेंज कप जिंकणाऱ्या भारतीय संघांतही तो होता. या २००८च्या विजयामुळेच भारत २७ वर्षांनी, २०११मध्ये, आशियाई चषकात उतरला.

पण त्याआधीच, २०१०मध्ये, महिंद्राने आपला संघ बंद केला. मग डायस गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे गेला. पुढे मुंबई एफसी आणि २०१४मध्ये दिल्ली डायनामोज. यांपैकी मुंबई एफसी २०१६-१७च्या हंगामात आय-लीगमधून खाली गेला, तो परतलाच नाही. दिल्ली डायनामोजने तर २०१९मध्ये भुवनेश्वरला बिऱ्हाड हलवून ओडिशा एफसी हे नाव धारण केले. आता सांगा, फिरस्ता कोण?

‘पैसा मालकांचा, तोटाही त्यांचाच, संघ ठेवायचा की मोडायचा हे तेच ठरवणार,’ असा युक्तिवाद यावर हमखास होतो. ठीक आहे. मग श्रमही खेळाडूचेच आहेत, आणि त्याच्या उमेदीची वर्षे मोजकी. व्यवहाराची भाषा एकाला आणि निष्ठेची दुसऱ्याला, हा कुठला न्याय? ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे सहकारी दरवर्षी नव्या नेमणुकीच्या शोधात असतात. त्यांना निष्ठाहीन म्हणण्याचे धाडस कुणी करत नाही. फुटबॉलपटूला मात्र सर्रास म्हटले जाते.

२०२५मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगामच बेमुदत लांबणीवर पडला, तेव्हा हाच प्रश्न शेकडो खेळाडूंपुढे उभा राहिला. म्हणून मागणी साधी आहे. लीगमध्ये प्रवेश देतानाच क्लबकडून खेळाडूंच्या कराराइतकी अनामत घ्यावी. संघ मोडला तरी वेतन बुडू नये. एवढे झाल्यावर खेळाडूच्या निष्ठेची चर्चा खुशाल करावी. तोवर तो शब्द मालकांसाठी राखून ठेवलेला बरा.