‘ग्रंथच नाहीत’ ते ‘मागणीच नाही’: पदवीच्या अटींचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/ १८६२ साली मुंबई विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा झाली. उत्तीर्ण झालेल्या मोजक्या तरुणांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ही गोष्ट शाळेतले मूलही सांगेल. त्याच सुमारास याच विद्यापीठाने पदवीच्या अभ्यासातून मराठीला बाहेर काढले, ही गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही. हा धागा त्या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे आणि ती आज पुन्हा का घडते आहे, याविषयी.

२/ आरंभी थोडी पार्श्वभूमी. १८५४ च्या वुडच्या खलित्याने कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापण्याचा मार्ग मोकळा केला. नमुना लंडन विद्यापीठाचा होता: विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करावे. उच्च ज्ञान इंग्रजीतून, हे त्या खलित्याचे सूत्र खरेच. परंतु देशी भाषांची जोपासना व्हावी म्हणून विद्यापीठांत त्यांची अध्यापकपदे निर्माण करावीत, असेही त्यात सुचवलेले होते. ही सूचना कागदावरच राहिली.

३/ १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. सुरुवातीच्या नियमांत इंग्रजीच्या जोडीला घ्यावयाच्या भाषांमध्ये मराठी, गुजराती यांसारख्या देशी भाषांनाही स्थान होते. म्हणजे मराठी आरंभापासूनच दाराबाहेर उभी होती असे नाही. ती घरात होती. १८६० च्या दशकाच्या पूर्वार्धात नियम बदलून तिला मॅट्रिकच्या उंबरठ्यावर आणून बसवण्यात आले. त्यापुढे संस्कृत, लॅटिन, अरबी, फारसी यांसारख्या अभिजात भाषांचाच मान.

४/ याला कारण काय दिले गेले? देशी भाषांत पदवीच्या योग्यतेचे वाङ्मयच नाही. अभिजात भाषेच्या अभ्यासाने बुद्धीला शिस्त लागते. मायबोलीच्या अभ्यासात ते बळ नाही, आणि जी भाषा घरीच येते तिची परीक्षा ती काय घ्यायची? ऑक्सफर्डच्या वळणावर वाढलेल्या विद्वानांना हा युक्तिवाद स्वाभाविक वाटे. त्या काळी कुलगुरुपदी असलेले सर अलेक्झांडर ग्रांट हे ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे भाष्यकार होते.

५/ आता हा युक्तिवाद तपासून पाहू. मराठीत तेव्हा खरोखर काय होते? दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ पासून उपलब्ध होते. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती विद्यापीठाच्या जन्माच्याच वर्षी, १८५७ मध्ये निघाली. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ही त्याच वर्षीचे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये छापली जात होती. आणि या सर्वांमागे ज्ञानेश्वरांपासून मोरोपंतांपर्यंतचे काव्य उभे होते, ते वेगळेच.

६/ कोणी म्हणेल, आधुनिक ज्ञानशाखांचे गद्य तरी तुटपुंजे होते ना? होते. परंतु ते वाढत होते. पुढे ग्रांट यांच्याच सांगण्यावरून रानड्यांनी १८६४ पर्यंत छापलेल्या मराठी ग्रंथांचा आढावा घेतला. दशकामागून दशक ग्रंथसंख्या चढत गेल्याचे त्यातून दिसते. ज्या रोपाला पालवी फुटत होती, त्यालाच ‘हे झाड सावली देत नाही’ म्हणून अंगणाबाहेर काढण्यात आले.

७/ या धाग्याचा मुख्य मुद्दा इथे आहे. ‘ग्रंथ नाहीत म्हणून विषय नाही’ हा युक्तिवाद कार्य आणि कारण यांची अदलाबदल करतो. विषय पदवीत असेल तर अध्यापक नेमले जातात, अध्यापकांना पुस्तके लागतात, पुस्तके लिहिली जातात, ती वाचणारा वर्ग तयार होतो. विषय काढला की ही साखळी पहिल्याच कडीशी तुटते. आणि वीस वर्षांनी तोच रिकामेपणा पुरावा म्हणून पुढे केला जातो: पाहा, आम्ही म्हणालो नव्हतो?

८/ एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. अभिजात भाषांच्या सक्तीतून काहीच निपजले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भांडारकर आणि तेलंग यांची चिकित्सक संस्कृत विद्वत्ता याच व्यवस्थेच्या अंगणात वाढली. पण हे उदाहरण कोणाच्या बाजूने साक्ष देते? विद्यापीठाने ज्या विषयाला जागा दिली त्या विषयात विद्वान निर्माण झाले, एवढेच त्यातून सिद्ध होते. म्हणजे आमचाच मुद्दा.

९/ आणि ज्याला जागा दिली नाही, त्याचे काय झाले? ते विद्यापीठाबाहेर, स्वतःच्या पदराला खार लावून वाढले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली, ती मासिक म्हणून. हरिभाऊ आपट्यांना पदवी मिळवता आली नाही. मराठी कादंबरी त्यांनी त्या पदवीवाचूनच घडवली. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो गावोगावची दप्तरे स्वतः धुंडाळून.

१०/ या नावांचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो रास्तही आहे. पण त्या अभिमानात एक फसवणूक दडलेली असते. संस्थेने टाकून दिलेले काम एखाद्या व्यक्तीने आयुष्य झिजवून पुरे केले, की आपण त्या व्यक्तीचा पुतळा उभारतो आणि संस्थेला जाब विचारायचे विसरतो. राजवाडे किती निघाले हे आपल्याला ठाऊक आहे. किती निघू शकले नाहीत, हे कोणत्याच दप्तरात नोंदलेले नाही.

११/ इकडे रानडे ज्या विद्यापीठाचे पहिले फळ होते, त्याच विद्यापीठाच्या सभागृहात बसून देशी भाषांना परत आणण्यासाठी झगडत राहिले. ‘योग्य वाङ्मय नाही’ या आक्षेपाला त्यांनी भावनेने उत्तर दिले नाही. मराठी ग्रंथसंपदेच्या वाढीवर त्यांनी १८९८ मध्ये सविस्तर इंग्रजी टिपण लिहिले: विषयवार वर्गवारी, आकडे, गुणदोषांची परखड नोंद. जिथे मराठी कमी पडते तिथे ती कमी पडते, हेही त्यात लपवलेले नाही.

१२/ १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. एम. ए. च्या परीक्षेत देशी भाषांना प्रवेश मिळाला तो त्याच सुमारास. बी. ए. च्या पातळीवर मराठी यायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला. हिशेब करा: काढायला एक ठराव पुरला, परत आणायला एका माणसाचे जवळजवळ सगळे सार्वजनिक आयुष्य लागले. अभ्यासक्रमातून विषय वगळणारा प्रत्येक ठराव मांडताना हे प्रमाण डोळ्यांसमोर असले पाहिजे.

१३/ परंतु ‘काय शिकवायचे’ एवढाच प्रश्न नव्हता. ‘पदवीपर्यंत पोहोचायचे कोणी’ हा दुसरा प्रश्न तितकाच मोठा होता आणि तो विचारला जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी उच्च शाळांतले शिक्षण व्यवहारोपयोगी नाही, असे स्पष्ट सांगितले. शेतकऱ्याच्या घामाच्या पैशातून उच्चवर्गीयांच्या शिक्षणाचा खर्च चालतो आणि त्याची स्वतःची मुले प्राथमिक शाळेलाही मुकतात, हा त्यांचा आरोप सुपरिचित आहे.

१४/ त्याच निवेदनातली एक मागणी मात्र क्वचितच उद्धृत होते. प्रवेश परीक्षेला खाजगी रीतीने अभ्यास केलेले उमेदवार बसू शकत होते. फुले म्हणाले, हीच सवलत बी. ए., एम. ए. पर्यंत वाढवा. अनेकांना महाविद्यालयात राहून शिकणे शक्य नसते. घरी केलेल्या अभ्यासाला मान्यता दिलीत, तर ज्ञान अधिक दूरवर पसरेल. पदवीची अट कोणाच्या अंगणापाशी येऊन थांबते, हे ज्यांना त्या अंगणाबाहेर ठेवले होते त्यांनाच अचूक दिसले.

१५/ रानडे आणि फुले यांच्या भूमिका एक नव्हत्या. त्या एक करून दाखवण्याचा सोपा मोह टाळला पाहिजे. तरी दोघांनी एकच गोष्ट ओळखली होती. पदवीचे नियम हे निव्वळ परीक्षा विभागाचे कारकुनी काम नव्हे. कोणते ज्ञान प्रतिष्ठित ठरेल आणि ते कोणाच्या वाट्याला येईल, हे त्या नियमांच्या पोटकलमांतच ठरते.

१६/ ‘पण आधी ग्रंथ हवेत’ हा आक्षेप टिकत नाही, याची दोन उदाहरणे आपल्या अगदी जवळची आहेत. पहिले हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे म्हणून स्थापन झाले. ग्रंथ नव्हते, म्हणून निजाम सरकारने त्याआधीच, १९१७ मध्ये, भाषांतर विभाग उघडला आणि विज्ञानापासून इतिहासापर्यंतचे शेकडो ग्रंथ उर्दूत आणवले. आधी निर्णय, मग ग्रंथ.

१७/ याच उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथल्या मराठी मुलाला उस्मानियाची पदवी हवी असेल तर ती उर्दूतून घ्यावी लागे. ज्या निर्णयाने एका भाषेसाठी ग्रंथालय उभे केले, त्याच निर्णयाने दुसऱ्या भाषिकांसमोर भिंत उभी केली. म्हणून ‘आपली भाषा सक्तीची करा’ हे या धाग्याचे तात्पर्य नव्हे. नियमांत किती सामर्थ्य असते, एवढेच इथे दाखवायचे आहे.

१८/ दुसरे उदाहरण पुण्याचे. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. माध्यम मातृभाषेचे, इंग्रजी विषय म्हणून. पदव्यांची नावेसुद्धा उसनी घेतली नाहीत: पदवीधर स्त्री ‘गृहीतागमा’ म्हणवली गेली. या विद्यापीठाला कायद्याची पूर्ण मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले. तोपर्यंत सरकारी शिक्क्याविना पस्तीस वर्षे ते चालले. मान्यता नसलेली पदवी घ्यायला मुली येणारच नाहीत, असे म्हणणाऱ्यांना त्या मुलींनीच उत्तर दिले.

१९/ आता आजकडे येऊ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीची सगळी मांडणी बदलते आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, मधूनच बाहेर पडण्याची व परत येण्याची सोय. कागदावरची ही लवचीकता मला नापसंत नाही. महाविद्यालयात सलग बसू न शकणाऱ्यांसाठी फुल्यांनी मागितलेली वाट काही अंशी तरी या रचनेतून उघडू शकते.

२०/ माझा आक्षेप रचनेवर नाही, तिच्या अंमलबजावणीत शिरलेल्या एका शब्दावर आहे: ‘मागणी’. या विषयाला मागणी नाही, सबब तुकडी बंद. तुकडी बंद, सबब जागा रिक्त. जागा रिक्त, सबब पुढच्या वर्षी विषयाचे नाव प्रवेशाच्या यादीतच नाही. आणि यादीत नाव नसलेला विषय विद्यार्थी मागणार तरी कसा? १८६० च्या दशकात ‘ग्रंथ नाहीत’ होते, आज ‘मागणी नाही’ आहे. शब्द बदलला, तर्काचा खोडसाळपणा तोच राहिला.

२१/ मागणी आकाशातून पडत नाही. वेळापत्रकात भाषेचा तास सकाळी सातला आणि दुसरा विषय अकराला ठेवला, की मागणी घडते. दोन विषयांचे तास एकाच वेळी लावले, की निवड आपोआप होते. कायम अध्यापकाच्या जागी तासिका तत्त्वावरचा अध्यापक दरवर्षी बदलत राहिला, की विद्यार्थी त्या विषयाकडे पाठ फिरवतात. हे सगळे निर्णय माणसांनी घेतलेले असतात. नंतर त्यांना ‘विद्यार्थ्यांची पसंती’ असे नाव दिले जाते.

२२/ उलट बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा पैशाचा आहे. चार विद्यार्थ्यांसाठी एक पूर्णवेळ अध्यापक कसा परवडावा? प्रश्न खोटा नाही. पण त्याचे उत्तर विषय मारणे हे नव्हे. शेजारच्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक अध्यापक ठेवावा. श्रेयांक एका संस्थेतून दुसरीत नेण्याची सोय नव्या रचनेत आहेच, ती याच कामी वापरावी. लवचीकतेची भाषा विषय जगवण्यासाठी वापरता येते, तशीच विषय पुरण्यासाठीही. आजवरची घाई दुसऱ्या उपयोगाची दिसते.

२३/ म्हणून अभ्यास मंडळांत आणि विद्या परिषदांत बसणाऱ्यांकडे एक साधी मागणी. विषय वगळण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्याने गेल्या दहा वर्षांत त्या विषयाला किती कायम अध्यापक दिले, त्याचे तास कोणत्या वेळी लावले आणि तो प्रवेशाच्या यादीत किती वर्षे होता, हे प्रस्तावासोबत लेखी मांडावे. मग मागणीविषयी बोलावे. रानड्यांनी आकडे मांडून मराठीची बाजू लढवली. विषय काढणाऱ्यांवर तेवढीही जबाबदारी असू नये काय?

२४/ आणि विद्यार्थ्यांना, पालकांना एवढेच सांगणे: पदवीच्या अटींचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो, तेव्हा तो वाचा. तो कंटाळवाणा असतो. १८६० च्या दशकातले नियमही कंटाळवाणेच होते. त्यांतला एक बदल पुसायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. आज सहज मंजूर होणारी ओळ परत फिरवायला कोणाचे आयुष्य खर्ची पडेल, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

(समाप्त)