औदुंबराचे व्रत

कोल्हापूरच्या चित्रपटपरंपरेचा विषय निघाला की बाबूराव पेंटर, व्ही. शांताराम आणि भालजी पेंढारकर ही नावे आपोआप ओठांवर येतात. मास्टर विनायक यांचे नाव त्यानंतर येते आणि पुष्कळदा ‘अभिनेत्री नंदाचे वडील’ एवढीच ओळख घेऊन येते. आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकातील या सदरात विनोदी नटाचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. पण ज्या एका भयाशी माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरला आजही आठवड्यातून दोन-तीन वेळा सामना करावा लागतो, त्यावर या आपल्याच गावच्या नटाने १९३८ साली पडद्यावरून एक नामी उतारा दिला होता.

विनायक कर्नाटकी यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापुरात झाला. गोतावळाच सिनेमाचा होता. बाबूराव व भालजी पेंढारकर हे त्यांचे सावत्र बंधू, छायालेखक वासुदेव कर्नाटकी हे बंधू, शांतारामांशीही नाते. प्रभात कंपनीचा मुक्काम कोल्हापुरात असताना, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये विनायकांनी नारदाची भूमिका केली. पुढे प्रभात पुण्याला गेली; विनायक कोल्हापूर सिनेटोनमध्ये आले आणि १९३५ साली ‘विलासी ईश्वर’पासून दिग्दर्शकही झाले. १९३६ साली बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह त्यांनी ‘हंस पिक्चर्स’ची स्थापना केली. हंसचा पहिला चित्रपट ‘छाया’, कथा वि. स. खांडेकरांची. त्यानंतर आचार्य अत्रे आले, आणि हंसच्या पडद्यावर हसू आले. खांडेकरांची करुणा आणि अत्र्यांचा खट्याळपणा या दोन अगदी भिन्न प्रकृती एकाच माणसाने सांभाळल्या, हे विनायकांचे मोठेपण मला विशेष वाटते.

अत्र्यांनी लिहिलेला आणि विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. नायक औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण. देशभक्त जटाशंकर नावाच्या वक्त्याचे ब्रह्मचर्यावरील व्याख्यान तो ऐकतो आणि पेटून उठतो. खोलीतील नट्यांची चित्रे जातात, व्यायाम सुरू होतो, आणि स्वारी आचार्य चंडीराम यांच्या कडक शिस्तीच्या संस्थेत दाखल होते. मग किशोरी भेटते. मीनाक्षी शिरोडकर यांनी त्या काळात पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर यावे, यावर इतका गदारोळ झाला की चित्रपटाची मूळ थट्टा कोणावर होती, हे पुष्कळांच्या स्मरणातून निसटले. थट्टा मुलीवर नव्हती. तरुणावरही नव्हती. ती त्या व्याख्यानावर होती.

विनायकांचा अभिनय पाहताना एक गोष्ट लक्षात येते. औदुंबर स्वतःला कधीच विनोदी समजत नाही. तो मनापासून घाबरलेला आहे, मनापासून व्रतस्थ आहे, आणि मनापासून प्रेमातही पडतो. नट जर डोळे मिचकावून ‘पाहा, हा किती खुळा आहे’ असे सुचवू लागला असता, तर प्रेक्षागृहातील प्रत्येक औदुंबर खजील होऊन घरी गेला असता. विनायक तसे करीत नाहीत. आपण औदुंबराला हसतो, पण त्याचा अपमान होत नाही. (याच चित्रपटातील दामुअण्णा मालवणकरांनी आपल्या चकण्या डोळ्याचेच भांडवल केले. नटाला ते शोभले. घरातील लहान मूल चकणे दिसत असेल, तर ‘भाग्यवान आहे’ म्हणून थांबू नये, लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. त्याविषयी सविस्तर पुन्हा कधीतरी.)

आता त्या व्याख्यानाकडे वळू. वीर्यनाश म्हणजे शक्तिनाश, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. आयुर्वेदाने सप्तधातूंमध्ये शुक्र हा शेवटचा, साररूप धातू मानला. त्यातून लोकमानसाने ‘रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब’ असा हिशेब रूढ केला. युरोपही यात मागे नव्हता. अठराव्या शतकात तिसो नामक स्विस वैद्याने हस्तमैथुनाच्या कथित दुष्परिणामांवर ग्रंथ लिहिला आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे तिकडचे डॉक्टरही तेच घोकत राहिले. आपल्याकडे विसाव्या शतकात या भयाला राष्ट्रकार्याची जोड मिळाली. दुर्बल तरुण म्हणजे दुर्बल राष्ट्र, आणि दुर्बलतेचे मूळ वीर्यनाश, अशी ती साखळी होती. महाराष्ट्रात तिच्याविरुद्ध शास्त्राच्या आधारे लढले ते र. धों. कर्वे. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले सोसले. कर्व्यांचे मासिक मोजक्यांनी वाचले असेल. औदुंबर मात्र तिकीट काढून आलेल्या सर्वांनी पाहिला.

चित्रपटाला आता पंच्याऐंशीहून अधिक वर्षे लोटली. औदुंबर माझ्या दवाखान्यात अजून येतो. वय सतरा ते पंचवीस. बहुधा एकटा येतो, शेवटचा रुग्ण जाईपर्यंत बाकावर बसून राहतो, आणि आत आल्यावर ‘डॉक्टर, अशक्तपणा आहे, टॉनिक द्या’ एवढेच म्हणतो. खोदून विचारले की मग हळूहळू बाहेर पडते: रात्री झोपेत वीर्य जाते, लघवी पांढरी होते, कंबर दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही, तालमीत दम पुरत नाही, लग्न ठरले आहे आणि भीती वाटते. यांपैकी कित्येकांनी आधीच कुठल्यातरी तंबूतल्या जडीबुटीवाल्याला किंवा ‘गुप्तरोगतज्ज्ञ’ अशी पाटी लावलेल्या माणसाला दोन-तीन महिन्यांचा पगार देऊन झालेला असतो. एस.टी. स्टँडच्या भिंतीवरील जाहिरात वाचताना त्या मुलाला जे वाटते, ते घरातील कोणालाही ठाऊक नसते.

या मनोविकाराला भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. खरी हकीकत अगदी साधी आहे. एका वेळी बाहेर पडणारे वीर्य म्हणजे साधारणतः एक चमचाभर द्रव: पुष्कळसे पाणी, थोडी साखर, थोडी प्रथिने, काही क्षार आणि शुक्रजंतू. त्यासाठी शरीराला रक्त आटवावे लागत नाही. ते अंडकोष, प्रोस्टेट व शुक्राशय या ग्रंथींत तयार होतच असते आणि साठले की झोपेत आपोआप बाहेर पडू शकते. वयात आलेल्या मुलात हे घडणे मुलीला पाळी येण्याइतकेच स्वाभाविक. लघवी गढूळ दिसते ती बहुतेकदा फॉस्फेट नावाच्या क्षारांमुळे. भरपेट जेवणानंतर किंवा पाणी कमी प्याल्यावर ते अधिक दिसतात. मात्र जळजळ, पू, रक्त, ताप किंवा वेदना असतील, तर तो संसर्ग असू शकतो, आणि त्याची तपासणी व उपचार झालेच पाहिजेत.

थकवा खोटा असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. तो खराच असतो. फक्त त्याचे कारण दुसरीकडे असते. कधी हिमोग्लोबिन कमी निघते, कधी रक्तातील साखर वाढलेली, कधी थायरॉइड बिघडलेले. पुष्कळदा मूळ असते ते नैराश्यात: झोप उडालेली, भूक मेलेली, सकाळी उठावेसेच न वाटणे. अशा मुलाला पुडी देऊन परत पाठवणे धोक्याचे आहे, कारण नैराश्याच्या पोटी आत्महत्येचा विचारही दडलेला असतो. तो विचार मनात येतो का, हे मी सरळ विचारतो. विचारल्याने विचार रुजत नाही. उलट कोणी विचारले म्हणून रडू कोसळते आणि बोलणे सुरू होते. गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. नैराश्यावरील औषधांनी यातील अनेक जण पुन्हा उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

भिंतीवरील त्या जाहिरातींविषयी एवढेच सांगतो की कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ अन्वये बंदी आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला. रंग ओलाच आहे. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा शिसे-पाऱ्यासारखे जड धातू आढळल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. मूत्रपिंड निकामी झाल्यावर रुग्ण येतो, तेव्हा पुडी विकणाऱ्याचा तंबू दुसऱ्या गावी गेलेला असतो.

‘ब्रह्मचारी’नंतरच्या वर्षी, १९३९ साली, विनायक-अत्रे जोडीने ‘ब्रँडीची बाटली’ काढला. म्युनिसिपालिटीतील बगाराम हा भाबडा कारकून, मनात भरलेल्या मुलीच्या आजारी भावासाठी औषध म्हणून ब्रँडी शोधत हिंडतो, आणि ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसते. दारूबंदीच्या धामधुमीत हा विषय मोठा गंमतीचा होता. गंमत मात्र आमच्या पेठांतून अद्याप संपलेली नाही. थंडी पडली, बाळाला सर्दी झाली की आजी ‘दोन थेंब ब्रँडी’ चाटवते किंवा छातीला चोळते. कृपा करून हे करू नये. दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम लागते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते. तान्ह्या बाळाच्या रक्तातील साखर दारूमुळे धोकादायकरीत्या उतरू शकते आणि श्वासही मंदावू शकतो. बाळाला उबदार कपडे, आईचे दूध, आणि श्वास जोरात किंवा छाती आत ओढून चालत असेल तर लगेच डॉक्टर. याखेरीज बाटली कपाटातच राहू द्यावी.

विनायकांची पुढची वाटचाल धावपळीची झाली. ‘नवयुग’ आणि मग स्वतःची ‘प्रफुल्ल पिक्चर्स’. दीनानाथ मंगेशकर १९४२ साली गेल्यावर त्यांच्या कुटुंबाला आधार देणाऱ्यांत विनायक पुढे होते. किशोरवयीन लतादीदींनी ‘माझे बाळ’, ‘गजाभाऊ’ अशा त्यांच्या चित्रपटांतून कामे केली. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर चार दिवसांनी, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी विनायक वारले. अपुरा ‘मंदिर’ दिनकर पाटील यांनी पूर्ण केला, आणि त्यातच आठ-नऊ वर्षांची नंदा ‘बेबी नंदा’ म्हणून पडद्यावर आली. ज्याने इतक्यांना हसवले, त्याच्या घरातील लेकीला त्या वयात कामाला लागावे लागले.

‘ब्रह्मचारी’ पाहण्याचा योग आला, तर वयात आलेल्या मुलाला शेजारी घेऊन पाहावा. औदुंबर व्याख्यान ऐकून घरी येतो, त्या प्रसंगी वडिलांनी पाणी प्यायचे निमित्त काढून उठून जाऊ नये. मुलगा त्यावेळी काही बोलणार नाही. दोन दिवसांनी दुचाकीवर मागे बसलेला असताना, तोंड दिसत नसते म्हणून, तो हमखास एखादा प्रश्न विचारील.