इंजिनाचे तेल केव्हा बदलावे आणि कोणी बदलावे?

कृष्णा, कोयना व वारणा यांच्या खोऱ्यातील शेतीला यंत्राची ओळख जुनी आहे. १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसली व तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. १९२२ साली साताऱ्यास कूपर यांचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यास किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. पुढे विहिरीवरील मोट जाऊन इंजिन आले आणि कालांतराने बहुतेक ठिकाणी इंजिनाची जागा विजेच्या मोटारीने घेतली. परंतु इंजिन शेतीतून गेले नाही. ते ट्रॅक्टरवर चढले, पॉवर टिलरवर बसले, तासगाव व मिरज भागातील द्राक्षबागेत फवारणीसाठी फिरू लागले. बैलांना वैरण-पाणी वेळेवर करणारा शेतकरी या नव्या बैलाच्या तेलपाण्याकडे मात्र तितक्या काटेकोरपणे पाहत नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

तेल करते काय?

वंगण हे तेलाचे एक काम झाले. त्याखेरीज दट्ट्या व सिलिंडर यांच्यातील फट ते भरून काढते, पाणी जेथे पोहोचत नाही तेथील उष्णता वाहून नेते, जळणाची काजळी आपल्या पोटात घेते आणि आम्लांपासून धातूचे रक्षण करते. हे काम करता करता तेलातील गुणकारी द्रव्ये खर्च होतात. तेलाची पातळी कमी झाली नाही म्हणजे तेल चांगले आहे, ही समजूत त्यामुळेच चुकीची ठरते. नुसती भर घातल्याने जुनी घाण बाहेर जात नाही.

याच्या उलट दुसरीही एक चुकीची समजूत आहे. तेल काळे दिसले की ते संपले, असे मानून काहीजण ते लवकर काढून टाकतात. डिझेल इंजिनात नवे तेल थोड्याच तासांत काळे होते. काजळी चिकटून न राहता तेलात तरंगत आहे, एवढाच त्याचा अर्थ. बोटावर घेऊन रंग पाहणे ही परीक्षा नव्हे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, आणि पातळी आपोआप वाढली व डिझेलचा वास आला तर त्यात डिझेल उतरले आहे, असे समजावे. या दोन्ही वेळी इंजिन थांबवून प्रथम दोष काढावा व मगच तेल बदलावे.

पंचांग नको, तास हवेत

तेल बदलण्याचा दिवस कसा ठरवावा, हा खरा वादाचा मुद्दा आहे. काही शेतकरी खंडेनवमीचा मुहूर्त साधून वर्षातून एकदा तेल बदलतात. यंत्राची पूजा अवश्य करावी, परंतु इंजिनाला तिथी कळत नाही, त्याला तास कळतात. आजच्या पुष्कळशा ट्रॅक्टरांना नवेपणी सुमारे ५० तासांनी व त्यानंतर दर २५० तासांनी तेल बदलावे, असे उत्पादक सांगतात. काही जुन्या यंत्रांना ही मुदत निम्म्याहून कमी असते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच प्रमाण मानावा.

आता एकाच गावातील दोन ट्रॅक्टर पाहू. एक ट्रॅक्टर ऊस वाहतुकीस लागला आहे. गळिताच्या हंगामात तो १२० दिवस, रोज ८ तास चालला तर ९६० तास होतात. त्याचे तेल हंगामातच तीन वेळा बदलून झाले पाहिजे, आणि चौथी वेळ दारात आलेली असते. दुसरा ट्रॅक्टर घरच्या मशागतीपुरता वर्षभरात २०० तास चालतो. त्याला वर्षातून एकदा बदललेले तेल पुरते. 'वर्षातून एकदा' हा नियम दुसऱ्याला योग्य, तर पहिल्याला घातक आहे. शेजाऱ्याने तेल बदलले म्हणून आपण बदलणे, किंवा त्याने बदलले नाही म्हणून आपणही थांबणे, यात शहाणपण नाही.

मात्र तास कमी झाले तरी वर्षाची मर्यादा ओलांडू नये. वापरलेल्या तेलात ओलावा व आम्ले साठतात आणि उभ्या इंजिनाचे भाग ती गंजवतात. म्हणून पावसाळ्यात यंत्र बसून राहणार असेल, तर दसऱ्याची वाट न पाहता पाऊस सुरू होण्यापूर्वीच तेल बदलावे व थोडा वेळ इंजिन चालवून मग ते झाकून ठेवावे.

माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांतील धुळीत काम करणाऱ्या यंत्रांना मुदत कमी धरावी. तेथे हवेच्या गाळणीकडेही तितकेच लक्ष हवे. गाळणीच्या वाटीतील तेल चिखलासारखे झाले असता इंजिनात नवे तेल ओतून उपयोग नाही, कारण धूळ आत जातच राहते. साखर कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास चालू ठेवलेले इंजिनही तेल खराब करते. जळण अर्धवट जळते व काजळी वाढते. रांग लांब असेल तर इंजिन बंद करावे. त्यात डिझेलही वाचते.

जुने चालक शंभर तासांचा नियम सांगतात, तो अगदीच निराधार नाही. त्या काळी डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे आणि त्यापासून होणारे आम्ल तेलाला लवकर मारी. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग इतकी खाली आली आहे व तेलेही सुधारली आहेत. जुना नियम नव्या यंत्राला लावून चांगले तेल फेकणे, हीसुद्धा उधळपट्टीच होय. फवारणीच्या व कोळपणीच्या लहान फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनांना मात्र तेल थोडे लागते, म्हणून ते लवकर थकते. त्यांपैकी अनेकांना पहिल्या २० तासांनी व पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी ते बदलावे लागते.

स्वतः बदलावे काय?

हमीची मुदत चालू असेपर्यंत अधिकृत सेवाकेंद्राच्या अटी पाळाव्यात व पावत्या जपून ठेवाव्यात. त्यानंतर हे काम शेतकऱ्याने स्वतः करण्यास काही हरकत नाही. किंबहुना त्याने ते करावेच. मेकॅनिक येईल तेव्हा तेल बदलू, असे म्हणता म्हणता हंगामात पन्नास-शंभर तास सहज उलटतात.

काम अवघड नाही. इंजिन थोडे गरम करून सपाट जागी उभे करावे व बंद करावे. चेंबरखालचा नट काढून पंधरा-वीस मिनिटे तेल पूर्ण गळू द्यावे. गरम तेलापासून हात सांभाळावेत. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा आणि त्याच्या रबरी कड्यास नवे तेल लावून तो हातानेच आवळावा. नट बसवून पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल काडीवरील दोन खुणांच्या मध्ये येईपर्यंत भरावे. जास्त भरणेही अपायकारक आहे. इंजिन काही मिनिटे चालवून तेलदाबाची खूण पाहावी, गळती तपासावी व थोड्या वेळाने पातळी पुन्हा पाहावी.

काढलेले तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. थोड्याशा तेलाने पुष्कळ पाणी पिण्यास निकामी होते. ते झाकणाच्या डब्यात साठवावे व अधिकृतपणे जुने तेल गोळा करणाऱ्याकडेच द्यावे. कातडीस ते वारंवार लागू देणेही आरोग्यास घातक आहे.

एक वही

या सर्वांचे सार एका वहीत आहे. तेल बदलल्याची तारीख, मीटरवरील तास, तेलाची प्रत आणि पुढील बदलाचा आकडा एवढ्या चार गोष्टी तीत लिहाव्यात. मीटर बंद असेल तर रोजचे तास लिहावेत. मालक एक व चालक दुसरा, आणि चालकाची मजुरी खेपेवर, अशी व्यवस्था असेल तेथे या वहीवाचून गत्यंतर नाही, कारण खेप बुडवून तेल बदलण्यात चालकाचा लाभ नसतो. तेल बदलण्याच्या दिवसाची मजुरी मालकाने त्यास द्यावी, हेच न्याय्य होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गळीत हंगामापूर्वी प्रत्येक गावी एका ट्रॅक्टरवर हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. काही लिटर तेल वाचविण्यासाठी ऐन तोडणीत इंजिन जाम झाले, तर नुसता दुरुस्तीचा खर्च होऊन भागत नाही. तुटलेला ऊस शेतात वाळतो, त्याचे वजन घटते आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता तेवढा ठरल्या दिवशी येतो.