वकीलपत्र कोणाचं?

विधिमंडळात वकिलांचा भरणा फार, ही तक्रार जुनी आहे. मला स्वतःला त्यांच्या संख्येची चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती एका सवयीची. अशिलाची बाजू आपलीच असल्यासारखी जीव तोडून मांडायची आणि कोर्ट उठलं की ती तिथेच ठेवून घरी जायचं, ही सवय वकिलाला लावून घ्यावीच लागते. ती नसेल तर खुनाच्या आरोपीला बचाव कोण देणार? पण हाच माणूस निवडून येतो आणि मतदारसंघालाच अशील समजू लागतो. मग कुठल्याही मतदानानंतर एक वाक्य तयार असतं: मी फक्त लोकभावना मांडली. झालं, अंगाला काही लागलं नाही.

गेले काही आठवडे आपण या सदरात आपल्याच सभागृहांबद्दल बोलतो आहोत. आज जरा लांब, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याची राजधानी हॅरिसबर्ग इथे जाऊ. थॅडियस स्टीव्हन्स हे नाव ज्यांना ठाऊक असेल त्यांना ते बहुधा २०१२च्या ‘लिंकन’ चित्रपटामुळे असेल. टॉमी ली जोन्सने रंगवलेला तो विगवाला, जिभेला धार असलेला म्हातारा खासदार. पण संसदेतला स्टीव्हन्स हा उत्तरार्ध. त्याआधीची बरीच वर्षं तो गेटिसबर्गचा वकील होता आणि राज्याच्या प्रतिनिधिगृहाचा सदस्य होता. माझ्या लेखी तो घडला तिथे.

जन्म १७९२चा, व्हरमाँटमधल्या डॅनव्हिलचा. एक पाऊल जन्मतः वाकडं. बाप कुटुंब सोडून गेला. आईने मुलांना शाळा मिळावी म्हणून पीचम गावी बिऱ्हाड हलवलं. १८१४ साली डार्टमथ कॉलेजातून पदवी, मग पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी शाळामास्तरकी आणि फावल्या वेळात कायद्याचा अभ्यास. यॉर्कच्या वकिलांनी असा नियम केला की दुसरा धंदा करत करत कायदा शिकलेल्याला सनद नाही. पठ्ठ्या सरळ शेजारच्या मेरिलँड राज्यात बेल एअरला गेला आणि तिथे सनद घेऊन आला. परीक्षकांना मदिरा वाईनच्या बाटल्या पुरवाव्या लागल्या, असं तो पुढे रंगवून सांगायचा. खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक. १८१६मध्ये त्याने गेटिसबर्गला वकिली थाटली. पुढच्याच वर्षी एका खुनाच्या खटल्यात आरोपी वेडा असल्याचा बचाव त्याने मांडला. खटला हरला, पण नाव झालं आणि अशिलांची रीघ लागली.

त्यातलाच एक खटला १८२१चा, बटलर विरुद्ध डेलाप्लेन. चॅरिटी बटलर ही मेरिलँडमधली गुलाम स्त्री. पेनसिल्व्हेनियाच्या १७८०च्या कायद्याप्रमाणे मालकाने गुलामाला राज्यात सहा महिने ठेवलं तर तो मुक्त. चॅरिटीला वेळोवेळी पेनसिल्व्हेनियात आणलं गेलं होतं. ते सगळे मुक्काम मिळून सहा महिने भरतात, म्हणून मी आणि माझी मुलं स्वतंत्र, असा तिचा दावा. मालकाच्या बाजूने उभा राहिला स्टीव्हन्स. मुक्काम सलग हवा, तुकड्यांची बेरीज चालणार नाही, हा त्याचा मुद्दा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. चॅरिटी आणि तिची मुलं गुलामीतच राहिली.

पुढे गुलामगिरीचा इतका कडवा शत्रू झालेला माणूस हा खटला कसा लढला, यावर त्याचे चरित्रकार बरंच अडखळले आहेत. मला उत्तर फार गूढ वाटत नाही. त्याच्याकडे वकीलपत्र होतं. कायद्याचा मुद्दा मजबूत होता. त्याने तो लढवला आणि जिंकला. धंद्याच्या नीतीत यात काहीच चुकीचं नाही, आणि नेमकं हेच भयंकर आहे. दोनच वर्षांनी, ४ जुलैच्या मेजवानीत, पुढचा राष्ट्राध्यक्ष गुलाम न बाळगणारा असावा अशा अर्थाचा टोस्ट त्याने जाहीरपणे दिला. मधल्या काळात त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही.

१८३३ साली तो फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाला विरोध करणाऱ्या पक्षातर्फे प्रतिनिधिगृहात निवडून आला. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने सार्वजनिक शाळांचा कायदा केला. त्याआधी १८०९चा कायदा होता. ज्याला फी परवडत नाही त्या बापाने आपण कंगाल असल्याचं नोंदवायचं, मग मुलाचा खर्च सरकार देणार. स्वाभिमानी गरीब माणूस अशी नोंद करण्यापेक्षा मुलाला घरी बसवणं पसंत करी. १८३४च्या कायद्याने ही नोंदच काढून टाकली. सगळ्यांसाठी एकच शाळा, खर्च करातून. प्रत्येक शाळा-जिल्ह्याने कायदा स्वीकारायचा की नाही हे स्वतः ठरवायचं, नाकारला तर राज्याचा पैसा नाही. पहिल्या वर्षी जेमतेम निम्म्या जिल्ह्यांनी तो स्वीकारला.

मग गहजब सुरू झाला. दुसऱ्याच्या पोरांसाठी मी का कर भरू, हा सधन शेतकऱ्यांचा प्रश्न होता. जर्मन भाषकांना आपल्या चर्चच्या शाळा आणि आपली भाषा बुडण्याची भीती होती. कायदा रद्द करा, असे सुमारे ३२ हजार सह्यांचे अर्ज विधिमंडळात आले. कायदा ठेवा म्हणणाऱ्यांच्या सह्या अडीच हजारांच्या घरात. सिनेटने १९ विरुद्ध ११ मतांनी कायदा रद्द करून टाकला. उरलं होतं प्रतिनिधिगृह. स्टीव्हन्सच्या स्वतःच्या मतदारांचा कलही रद्द करण्याकडेच होता.

११ एप्रिल १८३५ रोजी तो बोलायला उभा राहिला. वकिलासारखाच बोलला, फक्त या वेळी अशील नव्हतं. जुना कंगाल-कायदा परत आणायचा तर त्याला खरं नाव द्या, गरिबांवर डाग देऊन त्यांना श्रीमंतांपासून वेगळं ओळखण्याचा कायदा म्हणा, असा टोला त्याने मारला. आपल्याला मूल नाही तरी शाळेचा कर का, असं विचारणाऱ्याला त्याचं उत्तर अशा अर्थाचं होतं: तुम्ही कधी गुन्हा केला नाही तरी न्यायालयं आणि तुरुंगांसाठी कर भरताच की! गुन्हेगाराला पोसायला पैसे देता आणि मूल गुन्हेगार होऊ नये म्हणून द्यायला कुरकुरता? सर्वांत अवघड भाग पुढे होता. हा कायदा गव्हर्नर जॉर्ज वुल्फचा, म्हणजे विरोधी पक्षाचा. स्टीव्हन्सने आपल्याच पक्षाच्या लोकांना सांगितलं की या प्रश्नावर वुल्फच्या मागे उभं राहा. भाषणाने मतं फिरतात यावर माझा फारसा विश्वास नाही, पण त्या दिवशी फिरली. प्रतिनिधिगृहाने कायदा वाचवला आणि सिनेटला नमतं घ्यावं लागलं. स्वतः वुल्फ त्याच वर्षीच्या निवडणुकीत पडला.

इथे जोतीराव फुल्यांची आठवण होणं अपरिहार्य आहे, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. १८७३च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच आहे, आणि त्या लोकांत स्टीव्हन्स अगदी पुढे होता. पण १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मांडलेलं गाऱ्हाणं पेनसिल्व्हेनियाच्या अगदी उलट टोकाचं होतं. तिकडे करदाता म्हणत होता, माझा पैसा दुसऱ्याच्या पोरांवर का? इकडे कर भरणाऱ्या शेतकऱ्याचंच पोर शाळेबाहेर होतं आणि त्याच्या पैशावर वरच्या वर्गाचं उच्च शिक्षण चाललं होतं. सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागणारे जोतीराव कोणत्याही कायदेमंडळाचे सदस्य नव्हते. रयतेने निवडून दिलेला आमदार तेव्हा आपल्याकडे असणंच शक्य नव्हतं.

स्टीव्हन्सला मखरात बसवायचा माझा इरादा नाही. शाळेच्या भाषणानंतर काही महिन्यांतच त्याने फ्रीमेसन मंडळींच्या चौकशीची समिती चालवली, वुल्फसकट मोठमोठ्या लोकांना साक्षीला बोलावलं आणि त्यांनी सरळ नकार दिल्यावर हात चोळत बसला. १८३६मध्ये त्याने सरकारी खर्चाने गेटिसबर्गची रेल्वे मंजूर करून घेतली. ती डोंगरातून वळसे घेत त्याच्याच लोखंडाच्या कारखान्याजवळून जाणार होती. विरोधक तिला ‘पट्टकृमी’ म्हणत. लाखो डॉलर जमिनीत गेले आणि १८३९मध्ये नव्या सरकारने काम थांबवलं. १ जुलै १८६३ रोजी, गेटिसबर्गच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, रूळ न पडलेल्या त्याच खोदाईत सैनिक एकमेकांना मारत होते.

आणि डिसेंबर १८३८चा तमाशा! फिलाडेल्फियातल्या निवडणुकीच्या निकालावरून वाद, दोन पक्षांची दोन वेगळी प्रतिनिधिगृहं, दोन सभापती, सिनेटच्या गॅलरीत संतापलेला जमाव. स्टीव्हन्स, राज्याचा सचिव थॉमस बरोज आणि सिनेटचा सभापती पेनरोज यांनी खिडकीतून उडी मारून पळ काढला. गव्हर्नरने सैन्य बोलावलं. सैनिकांच्या काडतुसांवरून या प्रकाराला ‘बकशॉटचं युद्ध’ म्हणतात, गोळी मात्र सुटली नाही. निकालपत्रांचा तो घोळ घालण्यात स्टीव्हन्सचा हात होता आणि त्याचं समर्थन करता येत नाही. गंमत अशी की त्याच्यासोबत खिडकीतून पळालेल्या याच बरोजने, पदसिद्ध शाळा-अधीक्षक म्हणून, कागदावरच्या कायद्यातून राज्यभर शाळा उभ्या केल्या होत्या.

हे सगळं मान्य करून मी १८३८च्या एका न झालेल्या सहीकडे येतो. राज्याची घटना दुरुस्त करणाऱ्या परिषदेत स्टीव्हन्स सदस्य होता. परिषदेने मताच्या हक्कापुढे ‘गोरा’ हा शब्द घातला. त्याआधी पेनसिल्व्हेनियात काळ्या पुरुषाला मत देण्यावर लेखी बंदी नव्हती. आता ती आली. बाकीच्यांनी मसुद्यावर सह्या केल्या, स्टीव्हन्सने केली नाही. सहीने निकाल बदलणार नव्हता. ज्यांचा हक्क गेला त्यांची मतं त्याला पुढे कधी मिळणार नव्हती, कारण आता त्यांना मतच नव्हतं. चॅरिटी बटलरच्या खटल्यात मालकाचं वकीलपत्र होतं, इथे कुणाचंच नव्हतं.

ऑक्टोबर १८३८मध्ये जनतेने ती घटना थोड्या मतांच्या फरकाने मंजूर केली. स्टीव्हन्स पुढे लँकेस्टरला गेला, तिथे त्याने डोक्यावरचं कर्ज फेडलं, १८४९मध्ये तो संसदेत पोहोचला आणि देशाच्या घटनेतल्या चौदाव्या दुरुस्तीच्या शिल्पकारांत गणला गेला. ऑगस्ट १८६८मध्ये तो वारला. पेनसिल्व्हेनियातल्या काळ्या पुरुषांना मत परत मिळालं १८७०मध्ये, तेही देशाच्या घटनेतल्या पंधराव्या दुरुस्तीने. मधल्या ३२ वर्षांत हॅरिसबर्गमध्ये कितीतरी वकील निवडून आले, आणि राज्याच्या घटनेतला तो शब्द जागचा हलला नाही.