पंक्तीचा विचार आधीं, वाटेचा मागाहून

पाऊस ओसरून दसरा-दिवाळीचे दिवस जवळ आले कीं नाशिकच्या घराघरांतून डोंगरावर जाण्याचे बेत निघूं लागतात. ज्या शहराच्या पश्चिमेस अंजनेरी व ब्रह्मगिरि आणि दक्षिणेस कळसूबाईची रांग उभी आहे, तेथील मंडळींनीं सुटी चार भिंतींच्या आंत घालवावी हें बरेंही नव्हे. अलीकडे या बेतांत मुलाचा महाविद्यालयांतील सोबती किंवा कचेरींतील सहकारी सहकुटुंब सामील होतो, आणि तो मुसलमान असला कीं स्वयंपाकघरांतून हलक्या आवाजांत प्रश्न येतो, "त्यांच्या जेवणाचें काय करावयाचें?"

प्रश्न अगदीं योग्य आहे. मात्र तो पाहुण्यास न विचारतां घरांतल्या घरांत सोडविला जातो, तेथें चुकतें. पाहुणा भिडेनें "आमचें कांहीं अडत नाहीं" असें म्हणतो आणि तीन दिवस केळीं व चहा यांवर काढतो. यजमानाच्या मनांत कपट नसतें. तरी परत आल्यावर दोन कुटुंबांतील जाणें-येणें कमी होतें, आणि कारण कोणीच बोलून दाखवीत नाहीं.

वास्तविक आपल्या घरांना हा विषय परका नाहीं. दोन-तीन पिढ्यांपूर्वीं वडील माणसें प्रवासास निघत, तेव्हां दुधांत पीठ भिजवून केलेल्या दशम्यांचा डबा बरोबर असे. पाण्यांत भिजविलेली पोळी वाटेंत खाणें त्यांच्या सोवळ्यांत बसत नसे. स्टेशनावरील अन्नास तीं शिवत नसत. त्यांस कोणी हट्टी म्हटलें तर आपणांस वाईट वाटे. ज्या घरानें असा नेम जवळून पाहिला, त्यास दुसऱ्याचा नेम समजणें जड जाऊं नये.

हलाल म्हणजे धर्मानें विहित मानलेलें. मांस खावयाचें तर विहित प्राण्याचें, ईश्वराचें नांव घेऊन विधिपूर्वक कापलेलें असावें लागतें. डुकराचें मांस आणि मद्य हीं सर्वथा वर्ज्य. धान्य, भाजी, फळें, दूध-तूप हें सर्व चालतें. म्हणजे आपला रोजचा वरण-भात, भाजी-पोळी पाहुण्यास निःशंक वाढावी. सावधगिरी हवी ती विकतच्या जिनसांत. डब्यावरील हिरवी खूण जिन्नस शाकाहारी असल्याचें सांगते, मद्यार्काविषयीं मात्र कांहींच सांगत नाहीं. कित्येक सुवासिक अर्कांत मद्यार्क असतो, आणि मऊ रबरी गोळ्यांत पुष्कळदां प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलें जिलेटिन असतें. ही दुसरी गोष्ट तर आपणांसही वर्ज्यच. शिवाय नाशिक हें आतां द्राक्षांच्या मद्यासाठीं गाजलेलें शहर आहे. मुक्कामाची जागा ठरवितांना तेथें जेवणाच्या टेबलावर मद्य दिलें जातें काय, हें आधीं विचारून घ्यावें.

पाहुण्यांस एखादे वेळीं सामिष जेवण हवेंसें वाटल्यास त्यांत संकोचण्यासारखें कांहीं नाहीं. जुन्या नाशकांत त्याची सोय सहज होते. डोंगराच्या पायथ्याशीं मात्र प्राणी कोणीं व कसा कापला याची खात्री होत नाहीं, म्हणून तेथें शाकाहारच सोईचा. हा नेम महाराष्ट्राच्या खेड्यास पूर्वींपासून ठाऊक आहे. गांवच्या बलुतेदारांत मुलाणी असे, आणि बकरें कापण्याचें काम त्याच्याकडे असे. त्याच्या हातचें मांस हिंदु शेतकरीही खात. आज अवघड वाटणारी ही गोष्ट गांवगाड्यांत अशी रुळलेली होती.

आतां वाटेविषयीं. लहान-थोर बरोबर असतां तीन दिवसांत दोनच चढ ठेवावे. पहिल्या दिवशीं त्र्यंबकच्या वाटेवरील अंजनेरी. सकाळीं चढून पठारावर विसावावें व ऊन उतरतांना खालीं यावें. दुसऱ्या दिवशीं घोटीवरून भंडारदऱ्यास जावें आणि प्रवरेवरील १९२६ सालीं पुरें झालेलें धरण व त्याचा जलाशय पाहत स्वस्थ बसावें. तिसऱ्या दिवशीं पहांटे बारी गांवांतून कळसूबाई. हें शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रांत सर्वांत उंच. वाटेंत लोखंडी शिड्या आहेत, म्हणून गुडघे दुखणारांनीं खालींच थांबावें. हरिहरच्या उभ्या पायऱ्या या प्रकारच्या सहलींत घेऊंच नयेत.

पायथ्याच्या गांवांत आधीं कळविल्यास नागलीची भाकरी, पिठलें आणि खुरासनीची चटणी मिळते. याच भागांत वरई पिकते. मंडळींत कोणाची एकादशी असली तर वरईचे तांदूळ शेंगदाण्याच्या आमटीबरोबर शिजवावे. तें जेवण उपासकऱ्यास चालतें, पाहुण्यास चालतें, आणि मुलेंही आवडीनें खातात.

नमाजाची वेळ आली कीं थोडें थांबावें. पाहुण्यास स्वच्छ जागा, हातपाय धुण्यापुरतें पाणी आणि पश्चिमेची दिशा एवढेंच पुरतें. प्रवाशास नमाज आटोपशीर करण्याची मुभाही त्यांच्या धर्मानें दिली आहे. शिखरावर देवीचें देऊळ आहे. देवापुढें ठेवलेला प्रसाद कित्येक मुसलमान घेत नाहींत. त्यांत अनादर मानूं नये व आग्रह करूं नये. उलट, पाहुण्यानें आणलेल्या डब्यांतील एखादा जिन्नस आपणांस चालत नसेल, तर आपणही मोकळेपणानें सांगावें. एकानेंच नेम सांगावा व दुसऱ्यानें तो केवळ सोसावा, अशानें स्नेह टिकत नाहीं.

म्हणून आमची सूचना एवढीच, कीं गाडी ठरविण्यापूर्वीं आठ दिवस पाहुण्याच्या घरीं जावें आणि काय चालतें, काय चालत नाहीं व कोणत्या वेळीं थांबावें लागेल, हे तीन प्रश्न सरळ विचारावे. शक्य तर गृहिणीनें गृहिणीस विचारावे. डब्यांची वांटणी तेथेंच ठरून जाते. डोंगर आपल्या जागीं आहेत. वाट मागाहून ठरविली तरी चालेल.